इंग्रजीच्या वर्गात बाबासाहेब का नाहीत?

१

राहनाळच्या बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण वाचनासाठी जमतो. अंजूर फाट्याजवळचे, भिवंडी-ठाणे रस्त्यालगतचे हे गाव. माझ्या लहानपणी येथे भातशेती होती आणि वस्तीतील माणसे भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळीने कामाला जात. माझे वडीलही जात. मुंबई-ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जागा म्हणून पुढे या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. २०१७ साली मुंबईची जकात गेली, वस्तू व सेवा कर आला. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आज यंत्रमागावरच्या बापाचा मुलगा गोदामात जातो. आमच्या वाचनाला येणाऱ्या मुलांपैकी निम्मी रात्रपाळीची आहेत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बाबासाहेबांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मराठी अनुवादातून वाचत होतो. कला शाखेच्या प्रथम वर्षात शिकणारा आणि रात्री गोदामात मालाची नोंद करणारा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, बाबासाहेबांनी हे मराठीतच लिहिलं आसल ना?"

मी सांगितले, "नाही. हे इंग्रजीत लिहिलेले भाषण आहे. १९३६ साली. मराठीत ते नंतर आले."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग ते आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात का नाय?"

मी इंग्रजी साहित्य शिकवतो. जवळजवळ तीस वर्षे शिकवीत आलो आहे. बेकनची सूत्रे, मिल्टनचे गद्य, बर्कची भाषणे, चार्ल्स लॅम्बचे निबंध यांवर मी शेकडो तास बोललो आहे. पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. अभ्यासमंडळ पुस्तके नेमते, आम्ही शिकवतो, असे काहीतरी थातुरमातुर सांगून मी पुढचे पान उलटले. त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख आहे. प्रश्न त्याचा असला तरी तो इंग्रजीच्या संपूर्ण ज्ञानशाखेला लागू आहे आणि तिच्यात राहून पगार घेणाऱ्या माझ्यासारख्यांना तर तो सर्वांत आधी लागू आहे.

२

आपल्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या दोन खोल्या असतात. एका खोलीत 'सक्तीचे इंग्रजी' शिकवले जाते. तेथे शंभर-सव्वाशे मुले दाटीवाटीने बसतात. तेथे अर्ज लिहिणे, उताऱ्यावरील प्रश्न सोडवणे, सारांश काढणे एवढेच चालते. दुसऱ्या खोलीत इंग्रजी साहित्याचा खास वर्ग असतो. तेथे पंधरा-वीस मुले असतात. तेथे शोकात्मिका, महाकाव्य, समीक्षेचे सिद्धांत यांची चर्चा होते. पहिल्या खोलीत भाषा आहे, पण विचार नाही. दुसऱ्या खोलीत विचार आहे, पण तो कोणाचा, हे विचारायचे नसते. आमच्या वस्तीतील मुलगा पहिल्या खोलीत नापास होतो आणि दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. माझ्यासारखा एखादा पोहोचला तर तो पहिल्या खोलीला विसरतो. मीही बरीच वर्षे विसरलो होतो.

ही विभागणी कशी झाली? मेकॉलेने १८३५ साली आपले टिपण लिहिले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हिंदी लोकांचा एक मधला वर्ग तयार करावा, तो रक्ताने येथला आणि रुचीने तिकडचा असावा, हा त्याचा हेतू होता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि इंग्रजी हा त्याच्या परीक्षांचा कणा झाला. पण एक गोष्ट आमचे प्राध्यापक सहसा सांगत नाहीत. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे स्वतंत्र पदवी-अध्ययन १८९४ साली सुरू झाले आणि केंब्रिजमध्ये ते १९१७ साली आले. म्हणजे इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांना आपल्याच भाषेचे साहित्य हा पदवीचा विषय वाटण्यापूर्वी कितीतरी वर्षे येथील मुले ते पाठ करून पदव्या घेत होती. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात याची मीमांसा केली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण असलेल्या सरकारला उघडपणे बायबल शिकवता येत नव्हते; तेव्हा नीतीचे, आज्ञाधारकपणाचे आणि साहेबाच्या थोरवीचे धडे साहित्याच्या द्वारे दिले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मला पटते.

पण तेथेच थांबून चालणार नाही. या मीमांसेत एका बाजूला साहेब असतो आणि दुसऱ्या बाजूला 'नेटिव्ह' असतो. हा नेटिव्ह कोण? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याची मागणी न्याय्य आहे हे मुंबई सरकारने कबूल केले आणि तरीही त्याला प्रवेश दिला नाही. इतर जातींच्या भावना दुखावतील हे कारण पुढे केले. साहित्याच्या मार्गाने ज्याचे मन जिंकायचे होते त्या नेटिव्हात हा मुलगा नव्हता. त्याचे मन जिंकण्याची कोणालाच गरज वाटली नाही. त्याला वर्गाच्या बाहेर ठेवण्याच्या बाबतीत मात्र साहेब आणि शास्त्री या दोघांचे एकमत झाले. वसाहतवादाची आजची समीक्षा मुख्यतः आत बसलेल्यांच्या गुलामगिरीविषयी बोलते. बाहेर उभ्या असलेल्या मुलाचे गाऱ्हाणे निराळे आहे. ही गोष्ट इंग्रजी विभागातील आमच्या नव्या सिद्धांतवाद्यांनी नीट लक्षात घेतली पाहिजे.

३

इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटले जाते. हे वचन विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाते. चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. या पिढीने इंग्रजी साहित्य मनःपूर्वक वाचले आणि मराठीत आणले हे मान्य केलेच पाहिजे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ सालचे, आगरकरांनी केलेले 'हॅम्लेट'चे रूपांतर 'विकारविलसित' १८८३ सालचे. परंतु वाघिणीचे दूध पिऊन अंगी आलेले बळ कोणावर चालवले गेले? ज्या 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी इंग्रजी विद्येचे गोडवे गायले, त्याच 'निबंधमाले'त त्यांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. विचाराला उत्तर देता येत नाही तेव्हा व्याकरण काढायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणारे हात अजूनही तीच रीत पाळतात.

त्याच वेळी इंग्रजीचा एक दुसरा उपयोग चालू होता. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. टॉमस पेनचे ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचले. १८५४ साली निघालेल्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. पुस्तक मराठी, पण तिला जोतीरावांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले, तेही इंग्रजीत. शेतकऱ्याने भरलेल्या सरकारी पैशातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही, हा त्या निवेदनाचा मुद्दा आहे. वरच्या लोकांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपते, या सरकारी समजुतीचे वाभाडे त्यांनी सरकारच्याच भाषेत काढले.

येथे इंग्रजीच्या दोन परंपरा स्पष्ट दिसतात. एका परंपरेने इंग्रजीतून रुची घेतली, रस घेतला, अभिमानही घेतला. दुसरीने इंग्रजीतून साक्ष दिली. पहिली परंपरा इंग्रजी विभागात गेली. दुसरी परंपरा 'समाजसुधारणा' या कप्प्यात टाकली गेली. एकोणिसाव्या शतकातील हिंदी माणसाच्या इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून 'गुलामगिरी'ची प्रस्तावना माझ्या विद्यार्थिदशेत कोणी मला वाचायला दिली नाही, आणि प्राध्यापक झाल्यावर मीही ती कोणाला दिली नाही.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांचे गद्य इंग्रजीच्या वर्गात नसण्याचे जे कारण मी वर्षानुवर्षे ऐकत आलो ते असे: ते राजकारण आहे, समाजशास्त्र आहे, कायदा आहे, ते साहित्य नव्हे. हे कारण कितपत टिकते ते पाहू.

मिल्टनचे 'ॲरिओपॅजिटिका' आम्ही साहित्य म्हणून शिकवतो. ते काय आहे? पुस्तक छापण्यापूर्वी परवाना घेण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध १६४४ साली लिहिलेले ते पत्रक आहे. त्याचा घाट पार्लमेंटपुढील भाषणाचा आहे, पण ते भाषण कधी केले गेले नाही. ते छापून लोकांपुढे ठेवले गेले. आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' काय आहे? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषण आधी वाचायला मागितले. त्यातील वेदांविषयीचा आणि धर्मत्यागाविषयीचा भाग मंडळाला पेलवेना. तो गाळावा असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. मंडळाने अधिवेशनच रद्द केले. तेव्हा मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारासह बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ साली गांधीजींचे आक्षेप आणि त्यांना दिलेले उत्तर जोडून दुसरी आवृत्ती निघाली. त्या वेळी गुजराती आणि तमिळ अनुवाद झालेले होते, मराठीचे काम चालू होते.

दोन्ही ग्रंथ म्हणजे न झालेली भाषणे आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच झगडा आहे: माझे शब्द बाहेर पडण्यापूर्वी ते तपासण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? एक ग्रंथ इंग्रजी गद्याचा मानदंड ठरतो, आणि दुसरा 'साहित्य नव्हे' म्हणून वर्गाबाहेर राहतो. हा निर्णय कोणत्या सौंदर्यशास्त्राने दिला? बर्क, कार्लाइल, रस्किन यांचे लेखन राजकीय आणि सामाजिकच आहे. त्यांना साहित्याचा दर्जा देताना कोणाची सोवळी मोडली नाहीत. तेव्हा अडचण राजकारणाची नाही. कोणाचे राजकारण, ही अडचण आहे.

आणि गद्य म्हणूनच पाहायचे तर पाहू या. भाषणाची सुरुवात अत्यंत सौजन्याने होते. माझ्यासारख्या माणसाला बोलावून मंडळाने केवढी आपत्ती ओढवून घेतली, असा तो सूर आहे. या सौजन्यात उपहास इतका मुरलेला आहे की पहिल्या वाचनात तो निसटतो. मग राजकीय सुधारणावाद्यांना एकामागून एक प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाची बांधणी सारखी, प्रत्येकात नवा पुरावा. एकाच जागी पडणाऱ्या घणासारखे हे प्रश्न आहेत. नंतर समाजवाद्यांची पाळी येते. रोमच्या प्लेबियनांपासून लूथरपर्यंत आणि बुद्धापासून शिखांच्या गुरूंपर्यंतचा इतिहास साक्षीला उभा राहतो: मनाची आणि समाजाची क्रांती आधी, राजकीय क्रांती मागाहून. आणि शेवटी, हिंदू श्रोत्यांपुढील हे बहुधा माझे शेवटचे भाषण, असे सांगून वक्ता शांतपणे निरोप घेतो. वाक्ये लहान आहेत. अलंकार जवळजवळ नाहीत. कोलंबियात ड्यूईंच्या हाताखाली शिकलेल्या विद्वानाची शिस्त आणि महाडच्या तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा संताप एकाच वाक्यात नांदू शकतो, हे ज्याला दिसत नाही त्याने गद्यावर बोलू नये.

व्याकरणाचा धडा हवा असेल तर तोही येथे आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, या समर्थनाला बाबासाहेब उत्तर देतात की जात ही श्रमिकांची विभागणी आहे. इंग्रजीत 'लेबर' आणि 'लेबरर' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. त्या एका प्रत्ययावर शतकानुशतकांचे समर्थन उलथून पडते. विहारात मी हे फळ्यावर लिहून दाखवले. तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "आमच्याकडं बी तसंच हाय. लोडिंगवाले वेगळे जेवतात, कॉम्प्युटरवाले वेगळे." मी त्याला अडवले. काम वेगळे असणे म्हणजे जात नव्हे. काम जन्मावरून ठरते, ते बदलता येत नाही आणि वर-खाली अशा पायऱ्यांवर माणसे कायमची लावली जातात, तेव्हा ती जात. तो म्हणाला, "मग सर, लोडिंगला कोन कोन हाय त्यांची नावं लिवून काढू का?" प्रत्यय शिकवण्याचा असा तास मला माझ्या वर्गात कधी घेता आला नव्हता.

ग्रंथ उपलब्ध नव्हता, ही सबबही आता उरलेली नाही. माझ्या आधीच्या पिढीची ती खरी अडचण होती. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड १९७९ साली काढला, त्यात हे भाषण आहे. बाबासाहेबांचे छोटे आत्मकथन 'वेटिंग फॉर अ व्हिसा' १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. गोरेगावला वडिलांकडे निघालेल्या लहान भावंडांची बैलगाडी, बडोद्यातील पारशी वसतिगृह, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यातील हौद. प्रसंग सोपे, इंग्रजी त्याहून सोपे. सक्तीच्या इंग्रजीच्या मुलाला यापेक्षा योग्य गद्य दुसरे कोणते? कोलंबिया विद्यापीठात ते वाचले जाते. आपल्याकडील काही विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही अलीकडे बाबासाहेबांचे लेखन आले आहे, याची नोंद केली पाहिजे. पण ते बहुतेक खास वर्गात, बहुतेक पर्यायी पेपरात. पहिल्या खोलीत अजूनही अर्जाचा नमुनाच चालतो.

५

मग इंग्रजी विभागात दलित माणूस मुळीच आला नाही का? आला. पण कसा आला ते पाहण्यासारखे आहे. माझ्या विद्यार्थिदशेत तो मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल' या कादंबरीतून आला. ही कादंबरी १९३५ सालची, तिला ई. एम. फॉर्स्टरची प्रस्तावना आहे. आनंदांच्या सहानुभूतीविषयी मला शंका नाही. पण तिचा नायक बखा एका दिवसात अपमान सोसतो, आणि शेवटी त्याच्यापुढे उपाय ठेवले जातात: मिशनरीचा येशू, गांधीजींचे भाषण आणि मैला वाहून नेणारे यंत्र. तो स्वतः काहीच मांडत नाही, तो ऐकतो. त्याच १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर काही महिन्यांत 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आले. इंग्रजी विभागापुढे दोन पुस्तके होती: एकात अस्पृश्य ऐकतो, दुसऱ्यात तो बोलतो. विभागाने ऐकणारा अस्पृश्य निवडला.

पुढे दलित साहित्य अनुवादाच्या वाटेने आले. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले 'पॉयझन्ड ब्रेड' १९९२ साली आले. दिलीप चित्र्यांनी नामदेव ढसाळ इंग्रजीत नेला. माया पंडितांनी बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची आत्मकथने २००८ साली इंग्रजीत आणली. १९७८ चे 'बलुतं' २०१५ साली जेरी पिंटोंच्या अनुवादात निघाले. हे काम मोलाचे आहे. त्याबद्दल कृतज्ञता आहे. तक्रार अनुवादकांविषयी नाही. तक्रार आहे ती वर्गात त्यांचे जे होते त्याविषयी. 'बलुतं'चे मूळ मराठी पुस्तक शेजारच्या मराठी विभागात पडलेले असते. ते न उघडता, मराठी हीच ज्यांची भाषा आहे ती मुले त्याच्या इंग्रजी अनुवादावरील टिपा पाठ करतात. 'उपेक्षितांचा आवाज', 'वेदना', 'शोषण' हे तीन शब्द लिहिले की उत्तर पूर्ण होते. शैलीविषयी प्रश्न विचारला जात नाही. मिल्टनला शैली असते, दया पवारांना फक्त वेदना असते! आमच्या जगण्यावर प्रबंध होतात, बढत्या होतात. ही समीक्षा नव्हे. ही दयेच्या पोटी केलेली अस्पृश्यताच आहे.

याहून निराळी वाट आपल्याच लोकांनी दाखवली होती, तिचा विसर पडता कामा नये. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मिलिंदचे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे अभ्यासक. ते अमेरिकेत शिकून आले आणि तेथील काळ्या लेखकांच्या विद्रोहाची जाणीव येथल्या तरुण लेखकांना करून दिली. जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांचा 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ साली मराठीत आला. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, त्याच्या मागे अमेरिकेतील ब्लॅक पँथरची प्रेरणा होती. 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेने १८७३ साली जोडलेला धागा शंभर वर्षांनी पुन्हा हाती आला. या माणसांनी इंग्रजीचा अभ्यास हे आपले गाव सोडण्याचे साधन केले नाही. जे तिकडे वाचले ते त्यांनी मराठीत आणून आपल्या माणसांच्या हाती दिले. इंग्रजीच्या प्राध्यापकाचे काम काय, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

६

या लेखावर दोन आक्षेप येतील. पहिला चळवळीतील कार्यकर्त्यांचा: आपली भाषा मराठी, इंग्रजीचे एवढे कौतुक कशाला? त्यांना माझे सांगणे असे की बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' मराठीतच चालले. आपल्या माणसांशी ते मराठीत बोलले, आणि सत्तेला व जगाला जाब विचारताना त्यांनी इंग्रजी वापरली. दोन हात असताना एक बांधून लढायचे कारण नाही. इंग्रजीची भक्ती नको, पण तिचे भयही नको.

दुसरा आक्षेप पालकांचा. ते म्हणतात, साहित्याचे काय घेऊन बसलात, पोराला इंग्रजी बोलता आले पाहिजे. राहनाळच्या आसपास इंग्रजी माध्यमाच्या पाट्या पुष्कळ झाल्या आहेत. यंत्रमाग चालवणारा बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मुले अडखळतात. कारण जी भाषा फक्त नोकरीच्या अर्जासाठी शिकवली जाते तिच्यात मूल अर्जापुरतेच बोलते. गोदामातल्या मुलाला 'इनवर्ड', 'आउटवर्ड', 'डिस्पॅच', 'डॅमेज' हे शब्द पक्के येतात, कारण त्या शब्दांशी त्याची रोजी बांधलेली आहे. ज्या वाक्यांशी त्याचे माणूसपण बांधलेले आहे ती वाक्ये त्याला दिली तर तीही येतील. पोटाचे इंग्रजी आणि विचाराचे इंग्रजी ही फारकत आपण केली नाही. मग ती आपण का पाळावी?

तेव्हा मागणी सरळ आहे. सक्तीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात 'वेटिंग फॉर अ व्हिसा'तील एक तरी प्रकरण असावे. साहित्याच्या वर्गात 'ॲरिओपॅजिटिका' आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' एकाच पेपरात शेजारी-शेजारी ठेवावेत आणि दोन्हींना सारखेच प्रश्न विचारावेत. अनुवादित दलित साहित्य शिकवताना मूळ मराठी पुस्तक टेबलावर असावे. आणि अभ्यासमंडळांवर बसलेल्या आमच्या लोकांनी आतापर्यंत हे का केले नाही, याचा जबाब त्यांनी दिला पाहिजे. राखीव जागेवर नेमणूक मिळाल्यानंतर मी माझी जात कोणापासून लपवली नाही, असे मी अभिमानाने सांगत असे. पण वर्गात मी काय शिकवतो, त्यात ती लपलेली होतीच. खास वर्गातील आपले स्थान टिकावे म्हणून मी मिल्टनवर बोलत राहिलो आणि बाबासाहेबांना विहारात ठेवले. इंग्रजीच्या वर्गात बाबासाहेब का नाहीत, याचे एक उत्तर मी स्वतः आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही शब्दकोश घेऊन मूळ इंग्रजीतील दहा पाने वाचली. एकेका वाक्याला कधी अर्धा तास लागला. रात्रपाळी करून आलेली मुले डुलक्या घेत, तोंडावर पाणी मारून पुन्हा बसत. लोडिंगच्या नावांची यादीही त्याने खरोखरच करून आणली; तिच्यावर आमच्या दोन बैठका झाल्या. नंतर परीक्षा आली. सक्तीच्या इंग्रजीत तो नापास झाला. वस्तू खराब निघाल्याबद्दल दुकानदाराला लिहावयाच्या तक्रारीच्या पत्राचा नमुना त्याला आठवला नाही.

पुढच्या रविवारी तो आला. मला वाटले होते येणार नाही. निकालाविषयी मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. पिशवीतून त्याने आपली झेरॉक्स काढली, कोपऱ्यात दुमडून ठेवलेले पान सरळ केले आणि अकराव्या पानापासून वाचायला सुरुवात केली. ज्याला तक्रारीचे पत्र लिहिता येत नाही असे विद्यापीठाने ठरवले होते, तो या देशात इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या तक्रारीचे वाचन करीत होता. नापास कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.